लॅपटॉपवर लायब्ररी आहे, पण बिल्डला सापडत नाही

आजचा जवळपास अख्खा दिवस योक्टोच्या एका बिल्डमागे गेला. योक्टो म्हणजे छोट्या उपकरणांसाठी हवं तसं लिनक्स तयार करायची साधनं; कुठलं सॉफ्टवेअर कसं बिल्ड करायचं ते त्यात 'रेसिपी' नावाच्या फाइलीत लिहितात. यूएसबीवरून सेन्सर वाचणारं आमचं छोटं सॉफ्टवेअर एआरएम बोर्डसाठी बिल्ड करायचं होतं आणि कॉन्फिगर (बिल्डआधीची तपासणी) एकाच जागी अडत होतं: 'लिबयूएसबी-१.०' ही यूएसबीची लायब्ररी सापडत नाही. टीममधल्या नव्या मुलीने उबुंटूवर एप्टने लायब्ररी टाकली, तरी एरर तसाच. तिचा गोंधळ रास्तच होता. क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे लॅपटॉपवर बसून वेगळ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करताना, पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररी शोधणारं टूल लॅपटॉपमध्ये बघतच नाही, त्या रेसिपीच्या सिसरूटमध्ये (बोर्डसाठीच्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) बघतं, आणि तिथे येतं ते रेसिपीने डिपेंड्स या यादीत मागितलेलंच. शिवाय योक्टोत त्या रेसिपीचं नाव 'लिबयूएसबी१'. ते लिहिलं, पीकेजीकॉन्फिग इनहेरिट केलं (म्हणजे ते टूल वापरायची सोय रेसिपीला जोडली) आणि बिल्ड पुढे सरकलं.

जुन्या योक्टोवर अशी, डिपेंड्समध्ये लायब्ररी लिहायची राहिलेली रेसिपी बिनतक्रार चालूनही जायची. सिसरूट सगळ्या रेसिपींना सामाईक होता. दुसऱ्या कुणी लायब्ररी आणलेली असली की आपलंही भागायचं, बिल्डचा क्रम बदलला की मोडायचं. २०१७ च्या २.३ आवृत्तीपासून प्रत्येक रेसिपीला स्वतःचा सिसरूट मिळाला. लोक कुरकुरतात, पण मला हा फार चांगला बदल वाटतो. राहिलेलं काही असेल तर लगेच उघडं पडतं.

संध्याकाळी बोर्डवर पायथन स्क्रिप्टला जेसॉन मॉड्यूल मिळेना. योक्टोत पायथनची स्टँडर्ड लायब्ररीसुद्धा तुकड्यांत पॅकेज होते. सीच्या शेअर्ड लायब्ररी पॅकेजिंगच्या वेळी आपोआप ओळखल्या जातात, स्क्रिप्टमधले इम्पोर्ट नाहीत. आरडिपेंड्समध्ये (बोर्डवर चालताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) 'पायथन३-जेसॉन' ही भर त्या मुलीनेच घातली. इमेज, म्हणजे बोर्डवर टाकायची अख्खी सिस्टीम, पुन्हा बिल्डला लावलीय.