होडीचे दिवे: अर्ध्या उजेडावर तापणारा पी-चॅनेल

अखेर आयआरएफ ४९०५ वर, म्हणजे दिव्यांचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या पी-चॅनेल मॉसफेट ट्रान्झिस्टरवर, बोट टेकवून ठेवता येतंय, आणि तेही डेकचा उजेड निम्म्यावर असताना! मागचा भाग वाचलेल्यांना या वाक्याची किंमत कळेल: उजेड निम्मा केला की तो हात लावता येऊ नये इतका तापत होता.

काकांची फायबरची होडी अजून मालवणात वर ओढून ठेवलेली आहे. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात जाईल, तोवर वायरिंग पुरं व्हायला हवं. लो-साइडचा (निगेटिव्ह तार तोडणारा) आयआरएलझेड ४४एन मॉसफेट उत्तम चालत होता, तरी हाय-साइडला (पॉझिटिव्ह तोडण्याकडे) आलो तो खाऱ्या पाण्यामुळे. निगेटिव्ह तोडणाऱ्या सर्किटमध्ये दिवा बंद असतानाही होल्डरपर्यंत १२ व्होल्ट पोचलेले असतात. ओल शिरली की गळती सुरू होते आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं हिरवं होत होत झिजतं. पॉझिटिव्हच तोडली की हा प्रश्न मिटतो.

मॉसफेटऐवजी टीआयपी १२२ हा डार्लिंग्टन (एकात दोन ट्रान्झिस्टर असलेला) वापर, असं काहींनी सुचवलं होतं, त्यांना उत्तर देतो. डार्लिंग्टनवर ३ अँपिअरला २ व्होल्टपर्यंत पडतात, म्हणजे सहा वॉट नुसती उष्णता आणि दिव्याला व्होल्टेज कमी. बॅटरीवरच्या होडीत त्याला जागा नाही.

आता मुख्य दुखणं. डेकच्या पट्ट्या सगळ्या मिळून ४ अँपिअर घेतात. ४९०५ चा ऑन-रोध ०.०२ ओहम, म्हणजे पूर्ण उजेडावर जेमतेम ०.३२ वॉट. हीटसिंकशिवाय तो कोमट राहायला हवा आणि राहतही होता. पण अर्डुइनो नॅनोवरून पीडब्ल्यूएम देऊन (दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून) उजेड निम्मा केला की हात लावता येईना. प्रवाह निम्मा झाला आणि ताप वाढला!

पहिला संशय नकली मालावर गेला. तो संशय उगाच नव्हता. एका दुकानातून आणलेल्या ४९०५ वर ४ अँपिअरला ३४० मिलिव्होल्ट पडत होते, अस्सल नगावर ८० च्या आसपास पडतात. तेव्हापासून प्रत्येक नग लावण्याआधी ही चाचणी करतो, तुम्हीही करा. वरच्या छपाईवर भरवसा नको. पण तापणारा नग या परीक्षेत चोख उतरला. म्हणजे दोष चालू अवस्थेत नव्हता, चालू-बंद होण्याच्या मधल्या वाटेत होता.

डीएसओ १३८ हा ऑसिलोस्कोप लावला. या छोट्या स्कोपला लोक नावं ठेवतात, पण २०० किलोहर्ट्झची बँडविड्थ या कामाला पुरेशी आहे. ड्रेनवरचं (मॉसफेटच्या दिव्याकडच्या पायावरचं) चित्र बोलकं होतं. चालू होताना धार सरळ, कारण बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर गेट (मॉसफेटचा नियंत्रणाचा पाय) जोरात खाली ओढतो. बंद होताना मात्र लांबलचक उतार, शंभर मायक्रोसेकंदांहून जास्त. गेट परत वर नेण्याचं काम १० केच्या (किलो-ओहमच्या) एकट्या रेझिस्टरवर होतं. ४९०५ चं गेट मोठं आहे, डेटाशीटमध्ये एकूण चार्ज १८० नॅनोकूलॉंबपर्यंत दिलाय. मिलर पठारावर (गेटचं व्होल्टेज बदलताना मध्येच थबकतं तिथे) त्या रेझिस्टरमधून अर्धा मिलिअँपिअरही मिळत नाही, त्यामुळे गेट तिथेच रेंगाळतं. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टर ना धड उघडा ना धड बंद, अंगावर व्होल्टेजही आणि प्रवाहही. दर वेळी साधारण अडीच मिलिज्यूल, सेकंदाला ४९० वेळा, म्हणजे सव्वा वॉट. टीओ-२२० ला हीटसिंक नसेल तर वॉटमागे साठ अंश चढतात. हिशेब तंतोतंत जुळला, तेव्हा फार आनंद झाला.

उपाय तीन दिसत होते. प्रीस्केलर (नॅनोच्या टायमरचा वेग ठरवणारा भाजक) बदलून पीडब्ल्यूएम १२२ हर्ट्झवर आणला तर ताप चौथाई होतो, पण हात हलवला की बोटं तुटक दिसतात. जाळं ओढताना असा उजेड मला चालणार नाही. मोबाइलच्या चित्रणात फ्लिकर नको म्हणून काहींनी ३१ किलोहर्ट्झ सुचवला होता. तिथे अख्खं आवर्तनच ३२ मायक्रोसेकंदांचं, या गेटला ते शक्य नाही. गेट दोन्ही दिशांना जोरात ढकलणारी बीसी ३३७–बीसी ३२७ ट्रान्झिस्टरांची पुश-पुल जोडी काढून ठेवली होती, पण आधी १० केच्या जागी १ के लावून पाहिला. उतार दहा-बारा मायक्रोसेकंदांवर आला! चालू असताना १२ मिलिअँपिअर जास्त जातात, ४ अँपिअरच्या दिव्यांपुढे ते काहीच नाहीत. गेट-सोर्सवर १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) आहेच, आउटबोर्ड इंजिनाच्या चार्जिंगमधल्या झटक्यांसाठी.

पुश-पुल मी आता मुद्दाम लावणार नाही. धार जितकी तीव्र तितका रेडिओत गोंगाट होण्याचा धोका जास्त. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ (होडीवरचा रेडिओ) बुजतो असा इशारा दिला होता, त्यातली चाचणी सोपी आहे. शांत चॅनेल लावायचा, स्क्वेल्च (रेडिओतली खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इथवर आणायचा आणि दिवा लावायचा. डेकच्या पट्ट्या पास झाल्या. खरखर आली ती डोलकाठीवरच्या पांढऱ्या बल्बमुळे, आणि त्याला पीडब्ल्यूएम नाहीच! त्याच्या पोटातला स्विचिंग ड्रायव्हर बोंबलतोय. तो काढून साध्या रेझिस्टरचा बल्ब लावणार, बॅटरी थोडी जास्त गेली तरी चालेल. १६ नंबर (संकटातल्या हाकेचा चॅनेल) ऐकू येणं त्याहून महत्त्वाचं.

नेव्हिगेशनच्या दिव्यांना मंद करण्याची सोय ठेवलेली नाही, ठेवूही नये. १२ मीटरखालच्या यांत्रिक होडीला चौफेर पांढरा दिवा २ सागरी मैलांवरून आणि लाल-हिरवे १ मैलावरून दिसायलाच हवेत.

हे लिहितानाच एक सुचलं. जाळ्याचं काम चालतं तिथेच उजेड लागतो. मग पट्ट्यांचे नाळ (होडीचं पुढचं टोक), मध्य आणि इंजिनाकडचा असे तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र ४९०५ दिला तर? मंद करणं फक्त इंजिनाकडे, बाकी दोन नुसते चालू-बंद. प्रत्येक नगावर प्रवाह तिसरा हिस्सा, ताप त्याहून कितीतरी कमी. म्हणजे एका चॅनेलचा बोर्ड रद्द, नवा आराखडा आज रात्रीच काढतो.

कथिल चढवलेली वायर आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक आणून ठेवली आहे, त्यात काटकसर नाही. बोर्डावरच्या कोटिंगचा स्प्रे मात्र ठरत नाही. खाऱ्या हवेत एकाहून जास्त पावसाळे टिकलेला कोणी वापरला असेल तर नाव सांगा, आराखडा पक्का करण्याआधी ते हवंय.