गच्चीवरची शेवंती आणि रस्त्यावरचा दिवा

गेल्या वर्षी गच्चीच्या कोपऱ्यातल्या तीन कुंड्यांतली शेवंती दिवाळी उलटली तरी फुलेना. माती तीच, शेणखत तेच, आणि पलीकडच्या कुंड्या मात्र पिवळ्याधमक! फार हळहळले. मग एका रात्री वाळत घातलेले कपडे आणायला वर गेले आणि उमगलं. नेमका त्या तिघींवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत होता. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. कुंड्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सरकवल्या. महिन्याभरात मुगाएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या.

यंदा मांडणीच बदलली. दिव्याच्या बाजूला झेंडू. दसऱ्याच्या तोरणातली फुलं सुकवून ठेवली होती, त्यांचंच बी जूनअखेर पेरलं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडते, म्हणजे फुटवे भरपूर येतात. पुढच्या रांगेत तेरडा, कारण आमच्याकडे गौरी तेरड्याच्याच. तो संपला की त्याच कुंड्यांत थंडीसाठी पिटुनिया.

तेरड्याची पिकलेली बोंडं मात्र मी मुठीत धरूनच फोडते. हात लागताच फटकन उघडतात, बी थेट शेजारच्या गच्चीत! मूठ उघडली की तळव्यावर तपकिरी दाणे आणि वेटोळं झालेली हिरवी साल.