धाकटीच्या अंगात कोण आलं

ही दीर्घकथा पुरी करायला मला सात महिने लागले. कोकणातला एक जुना इनामदारी वाडा, अंथरुणाला खिळलेला सासरा आणि दोन जावा. थोरलीला कारभार हवाय, म्हणून ती धाकटीला विष घालते आणि धाकटी झपाटते. एवढं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. पण विष आणि झपाटणं या दोन गोष्टी तीन महिने एकमेकींना शिवायला तयार नव्हत्या. विषाचा भाग पोलीसकथेसारखा होत होता, भुताचा भाग आजीच्या गोष्टीसारखा.

आधी मी बचनाग घेतला होता, नावातच दरारा आहे म्हणून. पण बचनागाने माणूस लगेच मरायला टेकतो आणि त्याच्याबरोबर कथाही. मग विषकन्येकडे वळले आणि ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक वाचलं. नंदांचा अमात्य राक्षस याने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्याकडे वळवतो, आणि मरतो तो पर्वतक. त्या मुलीच्या तोंडी मात्र एक वाक्य नाही. ज्याच्या हाती लागेल त्याचं ती हत्यार. हे वाचून मला फार वाईट वाटलं. माझ्या कथेतल्या बायका बोलणार, हे त्या रात्री पक्कं झालं.

वाट दाखवली ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांनी. तालुक्याच्या गावी त्यांनी धोतऱ्याची विषबाधा झालेले रुग्ण पाहिले होते. ते म्हणाले, “अगं, नातेवाईक त्यांना आधी देवळात नेतात, मग माझ्याकडे आणतात.” घसा कोरडा पडून आवाज घोगरा होतो, अंग तापतं पण घाम येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेड सोसत नाही. माणूस समोर नसलेल्या माणसांशी बोलतो आणि बोटांच्या टोकांतून न दिसणारे दोरे ओढत बसतो. ठग वाटसरूंना लुटायला धोतरा द्यायचे, तेही त्यांच्याकडूनच कळलं.

त्या दोऱ्यांनी माझी कथा सोडवली. घरी येऊन एका बैठकीत प्रसंग लिहिला: माजघरात धाकटी भिंतीला टेकून हवेतून काहीतरी ओढतेय, वळतेय, आणि दारातल्या बायकांना वाटतं, ही वाती वळतेय. कापूस नाही, ताम्हन नाही, नुसती बोटं चाललीयेत. एकजण पुटपुटते, “थोरल्या बाई अश्शाच वळायच्या.” थोरल्या बाई म्हणजे या दोघींची मेलेली सासू. विष आणि झपाटणं तिथे एक झालं.

थोरलीने मात्र मला दमवलं. पहिल्या खर्ड्यात ती नुसती कपटी होती. मैत्रिणीने वाचून विचारलं, “ही आनंदीबाई आहे का?” मी गप्प झाले. १७७३ साली नारायणरावाचा खून झाला, आणि ‘ध चा मा’ची गोष्ट ऐकत आपण सगळे मोठे झालो. राज्य हवं असलेल्या बाईचा चेहरा मी त्या गोष्टीतून न विचारता उचलला होता. थोरलीची सगळी पानं काढून टाकली आणि तिला काय हवंय ते पुन्हा लिहिलं. वाड्याचा हिशेब अकरा वर्षं तीच ठेवते, सही नवऱ्याची होते. तिला वहीवर स्वतःची सही हवीये. ती विष घालते, ते मी सौम्य केलं नाही. पण आता ते लिहिताना माझा हात थरथरायचा.

पुढचा पेच असा की धोतरा दोन-तीन दिवसांत उतरतो. मग धाकटी बोलत कशी राहते? आत्याला विचारलं. तिच्या गावात एका सुनेच्या अंगात नवरात्रात देवी यायची. एरवी तिला बोलू न देणारी सासू त्या रात्री पदर पसरून विचारायची, “काय हवं, आई?” म्हणून माझ्या कथेत चौथ्या दिवशी धाकटीच्या बाहुल्या पूर्ववत होतात, ताप जातो, आणि तरीही ती त्याच घोगऱ्या आवाजात म्हणते, “माझी वही आणा.”

नाटक की बाधा, हे मला झाकून ठेवायचं नव्हतं. मला खरीच सासू हवी होती. पण ती ओळखायची कशी, यावर दीड महिना गेला. शेवटी मोडीचे चार धडे गिरवले, तेव्हा सापडलं. मोडी लिहिताना आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं येतात. माझी धाकटी निरक्षर आहे.

शेवटच्या पानावर थोरली स्वतः वही तिच्यापुढे ठेवते. धाकटी टाक उचलते, दौतीत बुडवते आणि एकही अक्षर काढण्याआधी पानभर एक सरळ रेघ ओढते. थोरली ती रेघ पाहते आणि खाली बसते.