डिस्नीलँडला जाण्याआधी मुलीचा जन्मदाखला तपासा : माझा अनुभव

लहान मुलांना घेऊन परदेशातील मोठ्या करमणूक उद्यानात जाण्याचे बेत आता आपल्याकडे अनेक घरांत आखले जातात आणि त्याविषयी मिळणारा सल्ला बहुधा हॉटेल, विमान आणि तिकिटे यांपासून सुरू होतो. मी तो जन्मदाखल्यापासून सुरू करणार आहे, कारण आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीला हाँगकाँग डिस्नीलँडला नेताना बाकी सगळे सुरळीत पार पडले आणि अडले ते एकाच जागी, तिच्या जन्मदाखल्यावरील ‘आईचे नाव’ या रकान्यात. त्या एका ओळीपायी आमची दिवाळीची सुट्टी हातची जाते की काय, अशी वेळ आली होती.

हाँगकाँग निवडण्याची कारणे साधी होती. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे आहे, भारतीय नागरिकांना 14 दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा काढावा लागत नाही, आणि तेथील डिस्नीलँड इतके अवाढव्य नाही की लहान मूल अर्ध्या दिवसातच थकून कडेवर यावे. आम्हा दोघांचे पासपोर्ट होते. उरला होता मुलीचा पासपोर्ट, आणि तो सर्वांत सोपा भाग असेल असे सर्वांनीच सांगितले होते. अठरा वर्षांखालील अर्जदाराचे शुल्क 1000 रुपये, त्यात आठ वर्षांखालील मुलांना दहा टक्के सवलत, आई-वडील दोघांच्या सह्यांचे घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट ‘डी’, आणि मूल चार वर्षांपेक्षा लहान असल्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा. हे सगळे आम्ही व्यवस्थित नेले होते.

पासपोर्ट केंद्रात ‘ए’ काउंटरवरून कागदपत्रे स्कॅन होऊन आम्ही ‘बी’ काउंटरला गेलो आणि तेथे अर्ज थांबला. मी लग्नानंतर नाव बदललेले नाही. माझा पासपोर्ट, आधार कार्ड, बँकेची खाती, नोकरीची कागदपत्रे हे सर्व माहेरच्या नावाने आहे आणि पासपोर्टवर पती म्हणून नवऱ्याच्या नावाची नोंदही आहे. मुलीच्या जन्मदाखल्यावर मात्र आईचे नाव म्हणून माझे पहिले नाव, पुढे नवऱ्याचे नाव आणि नवऱ्याचे आडनाव असे छापलेले होते. प्रसूतीनंतर रुग्णालयाने महापालिकेला जी माहिती कळवली, ती तेथील कोणीतरी आपल्या सवयीने भरली होती. मी रुग्णालयात दाखल होताना दिलेल्या ओळखपत्रावर माझे खरे नाव असूनही तसे झाले. काउंटरवरील अधिकारी सौजन्याने बोलले, पण त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : दाखल्यावरील आई आणि समोर उभी असलेली आई एकच आहे, असे कागदावरून दिसत नाही, तेव्हा दाखला दुरुस्त करून आणा. लेक माझा हात धरून तेथेच उभी होती.

येथून पुढे जे झाले, त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील जन्म-मृत्यू नोंदणी विभागात सांगण्यात आले की, नोंद रुग्णालयाच्या माहितीवरून झालेली असल्यामुळे दुरुस्तीचे पत्र रुग्णालयाने दिले पाहिजे. रुग्णालयाच्या अभिलेख विभागात सांगण्यात आले की, महापालिकेने लेखी विचारणा केल्याशिवाय असे पत्र देता येत नाही. पुन्हा महापालिकेत गेले, तर संबंधित लिपिक रजेवर. नंतर भेट झाली तेव्हा त्यांनी मला एक तोडगा सुचवला. मी नवऱ्याच्या आडनावाने राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा, मग माझाच पासपोर्ट नव्या नावाने काढावा आणि दाखला आहे तसा राहू द्यावा. म्हणजे चुकीची नोंद तशीच ठेवायची आणि ती खरी ठरावी म्हणून जन्मापासून लावत आलेले माझे नाव मी बदलायचे. हा सल्ला त्यांनी इतक्या सहजपणे दिला की, हाच मार्ग धरायला किती बायकांना भाग पाडले गेले असेल, या विचाराने मी अस्वस्थ झाले. मी त्याला ठाम नकार दिला आणि त्या नकाराचा मला आजही अभिमान आहे.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी, कशाने काम झाले ते नीट लिहिते. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार नोंदीत चूक झाली असल्याची खात्री पटल्यावर निबंधक ती दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्ती लिहायची आणि तिच्यावर सही व तारीख घालायची, अशी ती पद्धत आहे. मी या कलमाचा उल्लेख करून निबंधकांच्या नावे लेखी अर्ज केला. त्याला माझ्या पासपोर्टची प्रत, दोघांची आधार कार्डे, आमच्या दोघांचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, म्हणजे आपल्याकडचा नमुना ‘ई’, जोडला. रुग्णालयात दाखल होतानाच्या केस पेपरची प्रतही लावली, कारण त्यावर माझे नाव बरोबर होते आणि चूक नंतर झाली हे त्यावरून दिसत होते. ती प्रत मला रुग्णालयाच्या अभिलेख विभागातील एका वयस्क बाईंनी जुने गठ्ठे स्वतः काढून शोधून दिली. या साऱ्या प्रकरणात आपणहून मदत केली ती त्यांनीच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. तोंडी चौकशीला प्रत्येक वेळी नवे उत्तर मिळत होते. आवक क्रमांक हाती आल्यावर मात्र ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय निर्णय झाला?’ एवढेच विचारावे लागले आणि त्याचे उत्तर देणे त्यांना भाग पडले. अखेर निबंधकांनी माझ्यासमोर नोंदवही उघडायला सांगितली. मोठ्या आडव्या पानावर निळ्या शाईत आमच्या मुलीच्या जन्माची ओळ होती. शेजारच्या समासात तांबड्या शाईने माझे नाव, माझ्या वडिलांचे नाव आणि माझे आडनाव लिहिले गेले, खाली सही झाली, तारीख पडली, गोल शिक्का उमटला. या कामाला पाच मिनिटेही लागली नाहीत. एवढ्यासाठी आम्हाला इतके हेलपाटे का घालायला लावले, हा प्रश्न मी तेव्हा मोठ्याने विचारला आणि तो विचारायलाच हवा होता, असे मला वाटते.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंद करणे बंधनकारक केले आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण आईचे जे नाव लिहायचे ते तिला विचारून, तिच्या ओळखपत्राशी ताडून लिहिले गेले पाहिजे. प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी रुग्णालयाने भरलेला तपशील घरातील कोणीतरी अक्षर न् अक्षर वाचून घ्यावा.

दुरुस्त दाखला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा नवे शुल्क भरावे लागले नाही आणि पासपोर्ट लवकरच टपालाने घरी आला. विमानाची तिकिटे त्यानंतरच काढली. दोन वर्षांवरील मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागते, हे खर्चात आधीच धरावे.

व्हिसा लागत नसला तरी हाँगकाँगच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर प्रवासपूर्व नोंदणी करावी लागते, मुलांसाठीसुद्धा. ती विनामूल्य आहे, पैसे मागणाऱ्या मध्यस्थांकडे जाऊ नये. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, नोंदणीत भरलेली माहिती त्याच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवावा. त्या मंजुरीची मुदत सहा महिने असते. आम्हाला निकाल पडद्यावर तत्काळ दिसला. महिनोन्महिने कागदांशी झगडल्यानंतर त्या क्षणी किती हायसे वाटले, हे शब्दांत सांगता येणार नाही.

उद्यानाविषयी थोडेच सांगते. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, तीन ते अकरा वर्षांच्या मुलांना बालकांचे तिकीट लागते. काही दिवस उद्यान बंद असते, म्हणून त्यांची दिनदर्शिका पाहूनच तारीख ठरवावी. घरून निघण्यापूर्वी मुलाची उंची मोजून घ्यावी : ‘वर्ल्ड ऑफ फ्रोझन’ या विभागातील घसरगाडीसाठी किमान 95 सेंटिमीटर, हायपरस्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी 102 आणि बिग ग्रिझली या रोलर कोस्टरसाठी 112 सेंटिमीटर उंची लागते. आमची लेक पहिल्या अटीत जेमतेम बसली आणि घसरगाडीतून उतरल्याबरोबर पुन्हा रांगेकडे धावली. जेथे मुलाला बसता येत नाही, तेथे ‘रायडर स्विच’ची सोय विचारावी, म्हणजे आई-वडिलांपैकी एक जण जाऊन आल्यावर दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. मेट्रोने जाताना तुंग चुंग मार्गावरील सनी बे स्थानकात गाडी बदलावी. पुढच्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या आहेत, त्यामुळे मुलांची मजा तेथपासूनच सुरू होते. विमानतळावरून सुटणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस मात्र सनी बेला थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, जी वरच सांगायला हवी होती : दुरुस्त दाखला मिळेल तेव्हा त्याच्या दोन-तीन जास्तीच्या मूळ प्रती शुल्क भरून त्याच वेळी घ्याव्यात. शाळाप्रवेशाच्या वेळी आम्हाला त्या लगेच उपयोगी पडल्या.