सात नंबरचं सॅलड

बुकिंग मुलाने केलं होतं, आठ दिवस आधी. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. माणसं सहा, टेबल खिडकीजवळचं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मला शेफशी बोलायचंय."

बाबा तरुणपणी दोन वर्षं शिकागोत नोकरीला होते. पगार झाला की महिन्यातून एकदा टी-बोन स्टेक खायचा, हा त्यांचा नेम. इंदूरला परतल्यावर तो कधी मिळालाच नाही. आणि आई? "आई अंडंसुद्धा खात नाही. केकही बिनअंड्याचाच लागतो."

मी इथलाच, लोकमान्य नगरातला. चार वर्षं क्रूझ जहाजावरच्या स्टेकहाऊसमध्ये ग्रिल सांभाळून परत आलो आणि विजयनगरच्या एका हॉटेलात लागलो. तिथे लोक रोज जेवायला येत नाहीत. साखरपुडा, निवृत्ती, वाढदिवस, अशा दिवशी येतात. बऱ्याच जणांनी त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले असतात. म्हणून मुलाच्या त्या फोनने मला आनंद झाला. कुणासाठी रांधायचं आहे, हे आधी कळणं आमच्या धंद्यात क्वचितच घडतं.

मध्य प्रदेशात गोवंशाचं मांस कायद्याने बंद आहे, त्यामुळे शिकागोतला स्टेक इथे होणं शक्य नव्हतं. पण टी-बोन म्हणजे काही फक्त गाईचं हाड नाही. कमरेच्या मणक्याचा तो इंग्रजी 'टी'सारखा तुकडा मेंढीलाही असतो. हाडाच्या एका बाजूला पाठीचं मांस, दुसऱ्या बाजूला फिलेचा लुसलुशीत गोळा. अमेरिकेत तर त्याचा नियमच आहे: फिले रुंदीला किमान सव्वा इंच भरला तर तो पोर्टरहाऊस, किमान अर्धा इंच भरला तर टी-बोन. मेंढीत तो जेमतेम घासभर निघतो. बोकडाचं मटण मुद्दाम घेतलं नाही. त्याच्यात चरबी कमी, मोठ्या आचेवर ते वातड होतं, आणि काकांचे दात आता सत्तरीपुढचे. कोकराचे दोन-दोन इंच जाड तुकडे कापले, आदल्या रात्री नुसतं मीठ लावून फ्रीजमध्ये उघडे ठेवले. मीठ आत मुरतं, वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. कोरडा असला तरच त्याला तो खमंग तपकिरी रंग चढतो. ओलं मांस आधी वाफेतच शिजत राहतं.

काकूंसाठी भाजीच्या पाण्यातलं मशरूम सूप, भाजलेला बटाटा आणि क्रीममधला पालक ठरवला होता. सगळं मी स्वतः तपासलं होतं. सॅलड त्या यादीत नव्हतं.

झालं असं की शेजारच्या टेबलावर सीझर सॅलड गेलं. काकूंनी विचारलं, ती कुरकुरीत पानं कसली? कॅप्टन, म्हणजे आमच्या वाढप्यांचा प्रमुख, म्हणाला, व्हेजमध्येही मिळतं. आमच्या मेनूवर तसं होतंच: सीझर, चिकनसह किंवा चिकनशिवाय, आणि 'शिवाय'च्या पुढे हिरवा ठिपका. तो ठिपका मी दोन-तीनदा पाहिला होता. बोलायला हवं असं वाटलं होतं आणि कामाच्या गर्दीत राहून गेलं होतं. ड्रेसिंग माझंच होतं, जहाजावरून शिकून आणलेलं. हे सॅलड मेक्सिकोतल्या तिहुआनाचं, १९२४ मध्ये सीझर कार्डिनीने केलेलं मानतात. आम्ही करतो त्या पद्धतीत ड्रेसिंगमध्ये अंड्याचा कच्चा बलक असतो आणि अँकोव्ही असते. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला खारवलेला बारीक मासा. लसणाबरोबर वाटला की डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही ओळखू येत नाही. चीज आमचं शाकाहारी रेनेटचं, म्हणजे दूध गोठवायच्या शाकाहारी विरजणाचं होतं, तेवढं मी पाहून घेतलेलं. चिकन काढलं म्हणून मासा काही निघत नव्हता.

मी चॉप्स उलटत होतो. थंड विभागातल्या पोराने आवाज दिला, "भिया, सात का सीझर गया, व्हेज." हातातला चिमटा तसाच राहिला. सात म्हणजे खिडकीचं टेबल.

ज्युनिअरला म्हटलं, मांस आतून छप्पन डिग्रीला आलं की उतरव, आणि अॅप्रनसकट बाहेर धावलो. काकूंच्या हातात काटा होता. पानं निम्मी संपली होती.

मॅनेजर काउंटरपाशी उभा होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने मान हलवून नको असं खुणावलं. त्याचंही बरोबर असेल. त्यांना कधी कळलं नसतं, अंगावर काही उठलं नसतं, संध्याकाळ छान पार पडली असती. मी टेबलापाशी वाकलो.

"काकू, थांबा. चूक झाली माझी. ह्यात मासा आहे. आणि अंडं."

त्यांनी काटा बशीवर ठेवला, आवाज न होऊ देता. "कुठे आहे मासा?"

"ड्रेसिंगमध्ये. वाटून घातलेला असतो. मेनूवर चुकीचं लिहिलंय आणि मला ते माहीत होतं."

त्या काही बोलल्या नाहीत. सून त्यांना धरून वॉशरूमकडे घेऊन गेली. मुलाचा चेहरा लाल झाला होता. तो जे बोलला ते बोलण्याचा त्याला अधिकार होता. काका तेवढे शांत होते. म्हणाले, "माझं ते मटण राहू दे आता. तिला काय देतोस ते बघ."

आत आलो तेव्हा चॉप्स अडुसष्टला पोचले होते. कोरडे. ते बाजूला ठेवले आणि उरलेले तुकडे बाहेर काढले.

काकूंना काय द्यायचं, हा प्रश्न मोठा होता. आमच्या भट्टीच्या जाळीवर सगळं भाजतात, तिचा आता विश्वास कसा देणार? हिवाळ्याचे दिवस होते, स्टाफच्या जेवणासाठी गराडू, म्हणजे रताळ्यासारखा एक कंद, आणलेला होता. कोरा लोखंडी तवा भांडारातून काढला, कापायची पाटी नवी, सुरी नवी. गराडूचे बोटभर जाड काप आधी वाफवले, मग साजूक तुपात दोन्ही बाजूंनी लाल केले. वर लिंबू आणि जीरावन, आपला इंदुरी मसाला. सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, थंडीत आपण उभ्याने खातो तोच गराडू, फक्त जाड, मधे मऊ आणि कडेला कुरकुरीत. दुसऱ्या चुलीवर काकांचे चॉप्स. छप्पनला उतरवले, आठ मिनिटं मुरू दिले. दोन्ही ताटं मी स्वतः नेली.

काकू परतल्या होत्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, "हे कशात केलंस?" सगळं सांगितलं, तवा, पाटी, सुरी, तूप. त्यांनी ऐकून घेतलं. काका त्यांच्या पहिल्या घासाची वाट बघत थांबले होते. त्यांनी खाल्ला, तेव्हा काकांनी सुरी उचलली. पुढे एका क्षणी काकांनी सुरी-काटा ठेवून हाड हातात घेतलं. तेव्हा मी आत आलो.

रात्री मॅनेजरशी वाद झाला. मग मी शीतगृहाच्या दारावर कागद चिकटवला. प्रत्येक ड्रेसिंग, प्रत्येक सॉस, त्यात काय काय. आता सीझरच्या दोन बरण्या असतात. दुसरीत दही, मोहरी आणि मिठातल्या केपर्स, म्हणजे एका झुडपाच्या कळ्या. मेनू नवा छापून यायला तीन आठवडे लागले. तोवर तो ठिपका आम्ही पेनाने खोडत होतो, प्रत्येक प्रतीवर.

त्या रात्री निघताना काकू दारापाशी थांबल्या होत्या. विचारलं, "आई कुठे असते तुझी?" लोकमान्य नगरात, म्हटलं. "तिला असलं काही करून घालतोस का?" मी हो म्हटलं. त्या शाल सारखी करत लिफ्टकडे गेल्या.