उघडं लाल कुलूप

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात लॅबच्या काकांचा फोन आला. "अहो, एका पेशंटचा मुलगा समोर उभा आहे. आईच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर जीमेल लाल उघडं कुलूप दाखवतंय म्हणतो. हे काय?"

जीमेल 2016पासून ते कुलूप दाखवतं. मेल वाटेत एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पण जावक मेलसाठी टीएलएस, म्हणजे वाटेत मेल कुलूपबंद ठेवणारी पद्धत, मीच चालू केलं होतं. मुलाकडून मेलचं हेडर, म्हणजे मेल कशी आली याची नोंद, मागवलं. 'ईएसएमटीपीएस' असायला हवं तिथे नुसतं 'ईएसएमटीपी'. कुलूप सांगणारा शेवटचा 'एस' गायब.

एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरनं सर्व्हरला मेल द्यायचा नियम, 1982 सालचा. तेव्हा सगळं उघडंच जायचं. 1999मध्ये स्टार्टटीएलएस आलं. समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय येतं याची यादी वाचून दाखवतो. तिच्यात हा शब्द असला तरच पुढचं बोलणं कुलूपबंद होतं. लॅबमध्ये बसून मी पोर्ट 25वर, म्हणजे सर्व्हर मेल घेतात त्या दारावर, हातानेच जीमेलशी बोललो. यादी आली. स्टार्टटीएलएसच्या जागी सात 'एक्स' आणि एक 'ए'. आठ अक्षरांच्या जागी आठ अक्षरं! दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून तीच यादी अगदी नीट.

दिवाळीत बसवलेला फायरवॉल, म्हणजे लॅबची सगळी ये-जा तपासणारी पेटी, एसएमटीपीची 'तपासणी' करताना तो शब्द खोडत होता. बसवणारा म्हणाला, "त्यानं सुरक्षा वाढते, साहेब." माझं डोकं फिरलं. मॅन्युअल न वाचता लोकांच्या आजारपणाचे कागद ज्याच्यातून जातात ती पेटी बसवायची, हे मला अजूनही पटत नाही.

चूक माझीही आहे. मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रॅममध्ये मी 'मे' लिहिलं होतं, म्हणजे टीएलएस मिळालं तर ठीक, नाहीतर मेल तशीच जाऊ दे. म्हणून ना एरर, ना रांगेत अडकलेली एक मेल. फायरवॉल बसला त्या दुपारपासून लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतल्या, टीएलएसच्या ओळी थांबल्या होत्या, आणि नसलेली ओळ कोणी शोधत नाही.

तपासणी बंद केली, 'मे'चं 'एन्क्रिप्ट' केलं, म्हणजे टीएलएस नसेल तर मेल जाऊच नये. तासाभरात एका दवाखान्याच्या मेल अडकल्या: टीएलएस हवं, पण समोरून मिळालं नाही. तिथला सर्व्हर जुनाट. रिसेप्शनवरच्या ताई चिडल्या. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करून मेल परत पाठवतं. तरीही मी नियम सैल केला नाही. त्यांचे रिपोर्ट सध्या लॅबचा मुलगा पाकिटातून नेऊन देतो.

काका म्हणाले, "मेल पोचल्या ना सगळ्या? मग झालं." पेशंटचा मुलगा अजून तिथेच होता. त्याने विचारलं, "आईचे आधीचे दोन रिपोर्टही असेच गेले?" लॉग पाहून मी हो म्हटलं. "कोणी वाचले असतील?" वाटेत वाचणाऱ्याची खूण आमच्या लॉगमध्ये उमटत नाही, तेव्हा सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. काकांना ते आवडलं नाही.

दिवाळीपासून ज्यांचे रिपोर्ट उघडे गेले त्या सगळ्या पत्त्यांची यादी काढून मी काकांच्या टेबलावर ठेवली आहे. आज नववा दिवस. कोणालाही फोन गेलेला नाही.