हादग्याचा हत्ती आणि चैत्रातला हस्त

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात पाटावर खडूनं हत्ती काढून हादग्याचा फेर धरायचा मान सातवीच्या मुलींचा. खानापूरचा पाऊस पत्र्यावर असा वाजायचा, की शेजारणीचं गाणं ऐकू येत नसे. त्यातच मी विज्ञानाच्या सरांना विचारलं, "सर, हस्त दिसतो कुठं?"

"आत्ता कसा दिसेल? सूर्यच हस्तात बसलाय. चैत्रात ये, दाखवतो."

मी विसरले, सर विसरले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत, जेवणं झाल्यावर, त्यांनी आम्हा चौघींना मैदानावर बोलावलं. सोबतीला माझी आजी होती. आग्नेयेला पंजाच्या बोटांसारखे पाच तारे होते.

पुढं पुण्यात दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य वस्त्यांचा, अभ्यास करताना माझ्या वाट्याला हस्ताच्याच दिशेची जोडी आली. त्या पाच ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडं, ६ ते ७ कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी या यादीतल्या ४०३८ आणि ४०३९ क्रमांकाच्या दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या आहेत. कीटकाच्या मिशांसारख्या दोन लांब शेपट्यांमुळं त्यांना 'अँटेनी' म्हणतात. या शेपट्या परस्परांच्या गुरुत्वाच्या ओढीनं निघतात, हे टूम्रे या संशोधक बंधूंनी १९७२ साली संगणकावर गणित मांडून दाखवलं.

या धडकेत तारे एकमेकांवर आदळत नाहीत, इतकी त्यांच्यात अंतरं असतात. आपल्या पाणंदीत पेंढ्याच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चाकाला चाक लागत नाही, पण दोन्हींचा धुरळा एक होतो. तसं वायूचं होतं. तो दाबला जातो, त्याचे थंड ढग स्वतःच्याच भारानं आत ढासळतात आणि ताऱ्यांचं पीक येतं. हबल दुर्बिणीला तिथं हजाराहून जास्त तरुण तारकागुच्छ दिसले. तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश जिथं दिसतो, तिथले मोठे तारे जेमतेम १ कोटी वर्षांचे. आमच्या हिशेबात ही कालची गोष्ट! मात्र वायू हवाच. तो संपलेल्या दोन दीर्घिका कितीही जवळ आल्या तरी रान पडीकच राहतं.

मी सरांना त्या जोडीचं चित्र पाठवलं आणि लिहिलं की सगळ्यात जोमाचा भाग यात दिसतच नाही, तो धुळीआड आहे. लगेच फोन आला.

"दिसत नाही, तर कळलं कसं ग?"

"सर, ताऱ्यांनी धूळ तापते. ती ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत सापडते."

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "चैत्रात ये. सातवीच्या पोरींना हे मैदानावर सांग."

रजा टाकली आहे. हस्त मीच दाखवणार आहे.